मांगचे दिसले पाह्यजे

आमची ओळख भांडणानं झाली, अन भांडण माझ्या पिवळ्या कुर्त्यावरून झालं. अकोल्याच्या त्या दैनिकात माझा तिसरा दिवस होता. पुरवणीच्या पानाला एक फोटो हवा होता म्हणून मी फोटो विभागात शिरले अन तिथं फोटो सुधारणाऱ्या काकाजींच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले. विभाग कसला, जिन्याखालची खोली. मान न वळवता ते म्हणाले, "मांगं सर. तुह्या कपड्यानं माह्या मास्तराले कावीळ झाली."

मी दर्यापूरची. ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, "काकाजी, मास्तर घरूनच पिवळा आला असंल." तेव्हा कुठं ते वळले. एक बोट माझ्या कुर्त्याकडं केलं अन दुसरं स्क्रीनकडं. काचेवर खरंच माझी पिवळी झाक पडली होती. एका निवृत्त मुख्याध्यापकाचा फोटो उघडा होता. मी दोन पावलं मागं गेले तर मास्तर बरा झाला.

"दिसलं?"

"दिसलं."

"मंग उद्यापासून फिक्कं काही घालून येत जा, नाईतं दारातून बोलत जा." एवढं बोलून ते कामाला लागले.

स्वतः बारा महिने राखाडी सदरा. तसले पाच सदरे त्यांनी एकाच थानातून शिवून घेतले होते, त्यामुळं अर्ध्या कचेरीला वाटायचं की या माणसाजवळ एकच सदरा आहे अन तो कधी धुतला जात नाही. राखाडी रंगाची झाक स्क्रीनवर पडली तरी फोटो बिघडत नाही, हे त्यांनी कोणाला समजावून सांगितलं नाही. काहून सांगावं? ज्याला विचारायचं त्यानं विचारावं. खिडकीला जुन्या छत्रीचं काळं कापड ठोकलेलं अन मॉनिटरलाही त्याच छत्रीची झालर. अकोल्याच्या मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, हा माणूस त्या काळ्या गुहेत कूलर बंद करून बसायचा. कूलरच्या वाऱ्यानं झालर हलते अन उजेड बदलतो म्हणे!

काम ऐकायला साधं होतं. तालुक्यातालुक्यांतून वार्ताहर मोबाइलवर फोटो पाठवायचे, ते छापण्याजोगे करायचे. पण पेपरचा कागद शाई पितो. स्क्रीनवर जे सावळं दिसतं ते छापल्यावर काळं होतं, अन जे काळं असतं त्याचा नुसता डाग होतो. त्यात आमच्या वऱ्हाडातले कार्यक्रम भरदुपारी. पुढं उन्हात पांढऱ्या कपड्यातला पाहुणा, मागं मंडपाच्या सावलीत उन्हानं रापलेलं सगळं गाव. छापून आलं की पाहुणा चकचकीत, अन गाव गायब. मी लहानपणापासून असेच फोटो पाहत आले होते. पेपरात मागची माणसं काळीच दिसतात, असाच माझा समज होता.

त्यांना हा समज मान्य नव्हता. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आलेख असतो, फोटोत अंधार किती अन उजेड किती ते दाखवणारा. शिकलेली माणसं त्याला हिस्टोग्राम म्हणतात. ते गंजी म्हणायचे, सोंगणीनंतर वावरात सोयाबीनची रचून ठेवतात ती. "पाह्य, सारी गंजी डाव्या अंगाले पडली. मंजे गाव अंधारात बुडालं." उजेड कमीजास्त करायची जी तिरपी रेघ असते ती दोरी. "दोरी मधातून उचलाची. बुड अन शेंडा धरून ठेवाचा. बुड सुटलं तं काया रंगाची राखुंडी होते. शेंडा सुटला तं पांढरा फाटते." पांढरा फाटणं हा त्यांचा खास शब्द. पांढऱ्या कपड्यातल्या चुण्या, शिवण, गुंड्या सगळं जाऊन कोरा कागद उरला की ते जीभ चावायचे अन म्हणायचे, फाटला बाप्पा.

अन हे सगळं करून झालं तरी स्क्रीनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते फोटो तपासायचे पोह्याच्या टपरीवर. सकाळी कचेरीत यायच्या आधी टपरीवर जायचे, तर्री पोहे मागायचे अन पोहेवाल्याला बजावायचे, "आपल्या पेपरात दे, कालच्या." पोहे खाऊन झाले की तेलकट कागद हातभर लांब धरायचे अन शेजारी जो कोणी उभा असेल, रिक्षावाला, वकील, कॉलेजची पोट्टी, त्याला विचारायचे, "याच्यातलं मांगचं माणूस ओयखू येते का?" समोरचा म्हणायचा, "मी यांना ओळखतच नाही." तर हे म्हणायचे, "तू नाही ओयखत. पण याच्या बायकोले ओयखू येईन का? तिनं कपायावर हात मारला नाही पाह्यजे." लोकांना हा माणूस हलका वेडा वाटायचा. मलाही वाटायचा. नंतर मीही टपरीवर कागद हातभर लांब धरायला लागले, अन माझ्या मैत्रिणी माझ्यापासून लांब उभ्या राहायला लागल्या.

एक सांगते, नाहीतर गैरसमज होईल. ते कोणाला गोरं करत नव्हते. एकदा एका शिकवणी वर्गाचे मालक स्वतः आले. त्यांच्या वाढदिवसाची जाहिरात होती. म्हणाले, "जरा गोरा करा, दोन पैसे जास्त घ्या." काकाजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाले उघडून देतो. गोरं नाही करत."

"फरक काय?"

"उघडलं तं तुमी दिसता. गोरं केलं तं दुसराच कोणी दिसते. सकाळी तुमच्या मिसेसनं विचारलं हा कोण बुवा, तं पेपर जिम्मेदार नाही." मालक तणतणत वर गेले. जाहिरात मात्र छापली, अन चेहरा त्यांचाच होता.

मग मुख्य कार्यालयातून ते बटण आलं. सगळ्या आवृत्त्यांचे फोटो एकसारखे दिसावेत म्हणून तिकडच्या कोणा हुशार माणसानं एक तयार नुस्खा पाठवला होता. एक कळ दाबली की फोटो आपोआप झगझगीत: आभाळ निळं, सदरा पांढराशुभ्र, गालावर लाली. आम्ही त्याला चकाचक बटण म्हणायचो. बाकी सगळ्यांना ते आवडलं. एका सेकंदात काम! काकाजींनी एकदा दाबून पाहिलं. तो एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो होता. पुढचे पाहुणे उजळले अन मागच्या रांगेतली पोरं होती त्याहून काळी पडली. त्यांनी शांतपणे पेनाच्या टोकानं कीबोर्डवरची ती कळच उपटून काढली अन सुपारीच्या डबीत टाकली. तपासणीला माणूस आला तेव्हा त्याला डबी उघडून दाखवली. "घ्या साहेब, जपून ठेवली हाय." तो माणूस हसावं की चिडावं अशा तोंडानं निघून गेला.

आता त्या फोटोचं सांगते.

तिवशाजवळच्या एका खेड्यात अकरा बायांच्या बचत गटानं डाळमिल सुरू केली होती. तुरीची डाळ करायची मिल, पत्र्याच्या शेडमधली. उद्घाटनाला तिथले पुढारी, ज्यांना सगळा तालुका दादा म्हणतो. आमच्या वार्ताहरानं दुपारच्या उन्हात मोबाइलवर फोटो काढून पाठवला. दादा उन्हात, हातात कात्री. मागं शेडच्या दारात, सावलीत, अकरा काळे आकार. ओळ पाठवली होती, 'डाळमिलचे उद्घाटन करताना दादा, सोबत महिला.'

पुरवणी दुपारी चारला सुटायची. त्या पानाची जबाबदारी माझी होती. फोटो आला तेव्हा साडेतीन झाले होते. काकाजींनी ओळ वाचली अन म्हणाले, "महिला मंजे कोण? त्यायले नाव हाय का नाही?"

मी म्हटलं, "जागा नाही नावांना."

"मंग दादाचं बी काढून टाक. 'सोबत पुरुष' लिव."

मला हसू आलं अन रागही आला. पण मी वार्ताहराकडून गटाच्या अध्यक्षबाईंचा नंबर घेतला अन फोन लावला. पाठीमागं मशीनची घरघर चालू होती. बाईंनी अकरा नावं घडाघडा सांगितली अन शेवटी म्हणाल्या, "जे मशीन चालवते ना मॅडम, ते साऱ्यायच्या मांगं उभी हाय. लाजून राहिली होती. तिचं नाव राहू नोका देऊ." मी अकरा नावं ओळीत बसवली. अन नावं बसवल्यावर फोटोकडं पाहिलं. नाव आहे अन तोंड नाही. खाली अकरा नावं अन वर अकरा डाग.

"काकाजी, काही होईल का?"

"टाइम किती हाय?"

"वीस मिनिटं."

त्यांनी दोरी मधातून उचलली. शेडमधला अंधार हळूहळू सरकला. आधी दोन पदर दिसले, मग एक हसणं, मग एका बाईचं मोठं कुंकू. पण दादांच्या सदऱ्याचा शेंडा सुटायला लागला. मी म्हटलं, "सदरा वेगळा कापून ठेवा ना, त्याला हात लावू नका."

"कात्रण चिकटवल्यावानी दिसते ते. अन इथं पाह्य, हे बाई." दादांच्या खांद्याच्या अगदी वर, सदऱ्याला चिकटून, एक अर्धा चेहरा होता. मशीनवाली. "तिले सदऱ्यापासून सोडवाचं तं एकेक केस हातानं करा लागते. तीन घंट्याचं काम हाय."

दहा मिनिटं उरली होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दोरी आणखी वर गेली. मशीनवालीचे डोळे दिसले, मोठे, थोडे घाबरलेले. अन दादांचा सदरा फाटला. नुसता सदरा नाही, कपाळ अन नाकाचा शेंडाही कोरा पांढरा झाला. मी ते पाहिलं. नीट, डोळे उघडे ठेवून पाहिलं.

"जाऊ देऊ?" त्यांनी विचारलं.

"जाऊ द्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोन फोन आले. पहिला अध्यक्षबाईंचा. "मॅडम, अकराच्या अकरा दिसून राहिलो ना वं! मशीनवालीच्या पोरानं पेपर भितीले चिटकवला. अजून वीस पेपर पाठवता का?" मी इतकी खूश झाले की त्यांना तीस पाठवते म्हटलं.

दुसरा फोन दादांच्या माणसाचा, अन फोनच्या मागोमाग तो स्वतःच आला. टेबलावर पेपर आपटला. "हा सदरा हाय का भूत हाय? दादायचं कपाय कुठं गेलं? आन मांगच्या बाया, त्या पाहा कशा ठसठशीत! कार्यक्रम कोणाचा होता?"

आमचे आवृत्तीप्रमुख पुण्याचे, सज्जन गृहस्थ. ते जिन्याखाली आले. "अहो, हे काय करून बसलात? दुरुस्त करून उद्या पुन्हा छापू. होईल ना?"

"होईन," काकाजी म्हणाले. "तीन घंटे द्या."

दिले. त्या तीन तासांत ते जागचे उठले नाहीत. सदऱ्याची चुणी न् चुणी परत आणली, गुंड्या आणल्या, खिशातलं पेन आणलं, कपाळावरचा घामसुद्धा आणला. अन मशीनवालीचा चेहरा त्या सदऱ्याच्या कडेपासून केसाकेसानं सोडवला. दुसऱ्या दिवशी छापून आलं तेव्हा दादाही होते अन अकरा जणीही. एकही डाग नाही. इतका सुंदर फोटो आमच्या पुरवणीत मी आजवर पाहिला नाही. प्रमुखसाहेब हरखले. "मग हेच परवा का नाही केलंत?"

"परवा टाइम एकाचाच होता," काकाजी म्हणाले. "तो मी मांगच्यायले देला."

दादा तर दुरुस्त फोटो पाहून विसरूनही गेले असतील, पण मुख्य कार्यालय विसरलं नाही. उपटलेल्या कळीचा रागही त्यात असणार. लेखी खुलासा द्या म्हणून दोन पत्रं आली. एक फोटो विभागाला, एक पान लावणाऱ्याला. म्हणजे मला.

काकाजी कंत्राटावर होते. वय छप्पन. त्याच महिन्यात त्यांचं कंत्राट पुढं वाढायचं होतं. प्रमुखसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावून हळू आवाजात सांगितलं, "हे पहा, घाबरू नका. 'अनवधानाने झाले, पुन्हा होणार नाही', एवढं एक वाक्य लिहून द्या. मी वर सांभाळून घेतो. विषय संपला." माणूस खरंच मनापासून बोलत होता. त्यांना काकाजी हवे होते.

काकाजींना कचेरीची मराठी लिहायचा कंटाळा. म्हणाले, "तूच टाइप करून आण माह्यं बी." मी दोन्ही खुलासे टाइप केले, छापून जिन्याखाली घेऊन गेले अन त्यांच्यासमोर ठेवले. त्यांच्या कागदावर होतं: सदर छायाचित्रातील बदल माझ्याकडून अनवधानाने झाला.

त्यांनी कागद हातभर लांब धरला. "अनवधानानं मंजे?"

"म्हणजे लक्ष नव्हतं. चुकून झालं."

"पण माहं लक्ष होतं ना."

"काकाजी, नुसता शब्द आहे. सगळे असंच लिहितात. सही करा अन सुटा."

"शब्दच हाय तं मंग बदलून टाक. लक्ष होतं, याले शुद्ध भाषेत काय म्हंतात?"

"अवधान," मी म्हटलं. "पण तसं लिहिलं तर नोकरी जाईल. तुम्हाला कळून राहिलं का? छप्पनाव्या वर्षी अकोल्यात कोण ठेवणार तुम्हाला? काकूंना काय सांगणार?" माझा आवाज चढला होता. मला त्यांचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं.

ते ऐकतच नव्हते. तो शब्द अक्षर अक्षर करून वाचत होते, ओठ हलवत. अ, न, व. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अवं, मंजे एक 'न'च जास्तीचा हाय ह्याच्यात!"

अन त्यांनी पेन काढून तो 'न' खोडला. नुसती रेघ नाही मारली. गिरवून गिरवून असा काळा केला की कागदाच्या मागच्या बाजूनं उमटला. सदर छायाचित्रातील बदल माझ्याकडून अवधानाने झाला. खाली झोकात सही केली.

मग त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं.

माझ्या कागदावर लिहिलं होतं: सदर बाब माझ्या अनवधानाने लक्षात आली नाही. मी त्यावर तळहात ठेवला. का ठेवला ते सांगायला मला शंभर कारणं आहेत. नवी नोकरी होती, दर्यापूरला आईबाबा होते, धाकटी बहीण शिकत होती. त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. पेनाला टोपण लावलं अन खिशात ठेवलं. "तुह्यं तू पाह्य," एवढंच म्हणाले, अन तेही रागानं नाही.

प्रमुखसाहेबांनी तो कागद पाहून कपाळाला हात लावला. "अहो, हे खोडलेलं चालत नाही, नीट लिहून आणा."

"नीटच हाय साहेब."

कंत्राट वाढलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी छत्रीचं कापड खिडकीवरून उतरवलं, घडी केली अन काखेत मारून निघून गेले. निरोपसमारंभ नको म्हणाले. चहाही नको म्हणाले. आता अमरावतीला असतात, लेकीच्या गावी. जुने फोटो उजळून देतात, ज्यांना पटेल त्यांना, अन भांडतात सगळ्यांशी. मी अधूनमधून जाते. फिक्के कपडे घालून. त्या कागदाचा विषय त्यांनी आजवर एकदाही काढला नाही. मी एकदा काढला तर म्हणाले, "कोणता कागद?" अन पुन्हा दोरीला लागले.

माझा खुलासा मंजूर झाला. माझी नोकरी राहिली, दोनदा बढती झाली, अन आज मी त्याच पेपरात आहे. तो कागद माझ्या फायलीत कुठंतरी असेलच. त्यात लिहिलंय की माझ्या लक्षात आलं नाही, अन ते साफ खोटं आहे. इतकी वर्षं एका अक्षराच्या आडून मी नोकरी केली अन ज्या माणसाचं म्हणणं खरं होतं त्याला एकट्यालाच जाऊ दिलं.

हे छापून आलं की वरून पुन्हा पत्र येईल. येऊ द्या. या वेळी मी स्वतःच लिहून ठेवते, म्हणजे कोणाला मजकूर सुचवायची तसदी नको: पान माझं होतं. फोटो मी पाहिला होता. दादांचा सदरा फाटलेला मला दिसला होता अन मशीनवालीचे डोळेही दिसले होते. 'जाऊ द्या' हे मी म्हटलं होतं, अन ते माझ्याकडून अवधानाने झालं.